डुकरांचा कोतवाल

हेडमास्तर पेल्टियर माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त नवे होते. आणि नव्या हेडमास्तरांना शाळेत पाऊल टाकल्या टाकल्या काहीतरी बंद करावंसं वाटतंच. या ऑक्टोबरात त्यांची नजर पडली ती व्हिटकमबाईंच्या ‘वसाहतीच्या दिवसा’वर.

दर वर्षी पानं लाल झाली की बाईंचा चौथीचा वर्ग एक दिवस खापरपणज्यांच्याही आधीच्या काळात जाऊन राहायचा. तेव्हा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरवर इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं आणि दिवे लावायला आधी मेणबत्ती करावी लागे. पोरं गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि पोरी पांढऱ्या टोपड्या घालून येत. बरणीत साय हलवून लोणी काढत, लोकरीच्या दोऱ्या वळत, मैदानातल्या चुलीवर मक्याच्या भाकऱ्या भाजत आणि दुपारी गावसभा भरवत. मग आठवडाभर त्यांच्या आया कपडे धूत बसत.

“बाई, हे सगळं टॅबलेटवर वीस मिनिटांत दाखवता येतं,” पेल्टियर सर सकाळीच म्हणाले. काखेत तो टॅबलेट होताच. “आणि टॅबलेटमधून लोणी सांडत नाही.”

“लोणी सांडल्याशिवाय त्यांना कळणार कसं, सर?”

“आज मी दिवसभर बघतो. शाळा सुटायच्या आत माझा निर्णय सांगतो.”

वर्षभर बाई भागाकार शिकवायच्या, पोरांची नाकं पुसायच्या, बसमध्ये ओकणाऱ्यांना धीर द्यायच्या, ते सगळं या एका दिवसाच्या जोरावर. हा दिवस गेला तर मागे नुसता भागाकारच उरणार होता. ‘देवा, आज काही वेडंवाकडं होऊ देऊ नकोस,’ असं त्या टोपडीची नाडी बांधता बांधता पुटपुटल्या. देव त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या शाळेत गेला असावा.

पहिल्या तासाला वायट नावाच्या पोराने बरणी इतक्या जिवाच्या आकांताने हलवली की झाकण उडून खिडकीला लागलं आणि साय सरांच्या टायवर. दुसऱ्या तासाला भाकऱ्या भाजून झाल्या. त्या कुणाच्याच दातांना दाद देईनात. वायटने एक उचलून पायरीवर आपटून पाहिली, तेव्हा पायरीचा टवका उडाला.

“पूर्वीचे लोक हे खायचे?” सरांनी विचारलं.

“त्यांना चांगली जमायची,” बाई म्हणाल्या. टायकडे बघायचं त्यांनी शिताफीने टाळलं.

मधल्या सुट्टीत एल्मर सँबॉर्न आपली गाडी घेऊन आला. एल्मर म्हणजे बाईंचा शाळेपासूनचा सवंगडी. गावाबाहेर त्याची डुकरं होती आणि दर वर्षी या दिवसासाठी तो एक आणायचा. यंदा त्याने आणली होती डचेस. अंगाने आटोपशीर, पण नजरेत मालकिणीचा तोरा. मैदानाच्या कडेला जुन्या काळचा दगडी कोंडवाडा अजून उभा होता, पण त्यात पोरांनी मेणबत्त्या वाळत टांगल्या होत्या. म्हणून डचेसला त्याच्याच शेजारी फळ्यांच्या कुंपणात ठेवलं. त्याचं फाटक बांधायला बाईंनी मोठ्या कौतुकाने पोरांनी सकाळी वळलेली दोरी दिली.

“डॉर्कस, ही दोरी टिकेल ना गं?” एल्मरने बाईंना विचारलं.

“माझ्या पोरांनी वळलीये,” बाई ताठ मानेने म्हणाल्या.

“तेच तर विचारतोय.”

दुपारी गावसभा भरली. सभापती होती एल्मरची नात टेसा. ही पोरगी सापशिडी खेळायला बसली तरी आधी डब्यावरचे नियम मोठ्याने वाचून दाखवायची. पिंपावर उभं राहून तिने लाकडी हातोडी आपटली. कुंपण तपासणारा निवडून झाला, दवंडी पिटणारा निवडून झाला.

“आता डुकरांचा कोतवाल,” टेसा म्हणाली. “गावात मोकाट फिरणारी डुकरं धरून कोंडवाड्यात घालायची, हे त्याचं काम. बाईंनी शिकवलंय की ज्याचं नुकतंच लग्न झालंय, त्याच्या गळ्यात लोक मुद्दाम हे काम मारायचे. गंमत म्हणून. पण चौथीत नवरदेव सापडत नाही, म्हणून ही जागा दर वर्षी रिकामीच राहते.” ती जरा थांबली. “यंदा मात्र...”

सगळ्या टोपड्या एकदम वळल्या. पेल्टियर सरांचं लग्न ऑगस्टमध्येच झालं होतं. उरलेला केक शिक्षकांच्या खोलीत कितीतरी दिवस पुरला होता.

“सर, तुम्ही याच गावात राहता ना?”

“हो, पण...”

“आणि लग्न झालंय ना?”

“झालंय, पण मी इथे फक्त बघायला...”

“अनुमोदन!” वायट ओरडला.

झाडून सगळे हात वर गेले. कुंपणाला टेकलेल्या एल्मरनेही हात वर केला.

“आजोबा, तुम्ही चौथीत नाही आहात.”

“गावात तर आहे की नाही?”

सरांनी सुटकेसाठी बाईंकडे पाहिलं. शहाण्या बाईने इथे मध्ये पडून हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण सकाळपासून ऐकून घेतलेलं सगळं बाईंच्या मनात साचलं होतं. त्या आभाळातल्या बदकांकडे बघत उभ्या राहिल्या.

मग सरांनी उजवा हात वर केला आणि टेसाने सांगितली तशी शपथ घेतली. “मी, ग्रँट पेल्टियर, गावातलं प्रत्येक मोकाट डुक्कर धरीन आणि कोंडवाड्यात घालीन, गावसभा माझ्या जागी दुसरा माणूस निवडेपर्यंत.” टेसाने त्यांच्या कोटाला पुठ्ठ्याचा बिल्ला लावला. त्यावर डुकराचं तोंड काढलं होतं, पण ते बटाट्यासारखं दिसत होतं. सरांनी घड्याळात पाहिलं. “झालं ना? आता...”

तेवढ्यात दोरीने आपली लायकी दाखवली.

डचेसने फाटकाला एक ढुशी दिली आणि ती सभेच्या मधून धावत सुटली. पोरं किंचाळली, पिंप कलंडलं, लोण्याचं घंगाळ पालथं झालं. बाईंनी डोळे मिटून घेतले. तीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली आणि तिच्यामागून एक डुकरीण.

“कोणीतरी धरा तिला!” सर ओरडले.

सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले.

“सर,” टेसा शांतपणे म्हणाली, “ते कोणीतरी म्हणजे तुम्ही.”

सर निघाले. आधी त्यांनी हेडमास्तरांच्या आवाजात “थांब!” म्हणून पाहिलं. त्या आवाजाला अख्खी शाळा थांबते, पण डचेसचा दाखला या शाळेत नव्हता. मग ते धावले, लोण्यावर घसरले आणि बसल्या बसल्याच घसरत झोपाळ्यापर्यंत गेले. उठून पुन्हा धावले. डचेस घसरगुंडीला वळसा घालून आली आणि त्यांच्या दोन्ही पायांमधून निघून गेली.

“फळी धरा, सर!” एल्मर ओरडला. “डोळ्यांपुढे आडवं काहीतरी धरा, म्हणजे वळेल!”

सरांच्या हातात आडवं धरण्यासारखं एकच होतं. त्यांनी टॅबलेट धरला. डचेसला वाटलं समोर भिंत आली, आणि ती वळली. इतिहासाच्या तासाला ती वस्तू पहिल्यांदाच उपयोगी पडली.

“आता भाकरी!” बाईंना राहवेना. टोपडी मानेवर सारून त्या स्वतः धावल्या आणि एकेक भाकरी कोंडवाड्यापर्यंत टाकत गेल्या. माणसांचे दात जिथे हरले होते तिथे डचेस कराकरा खात निघाली. मागून टॅबलेट आडवा धरून हेडमास्तर. शेवटची भाकरी कोंडवाड्यात पडली, डचेस आत गेली, सरांनी फाटक लावलं आणि त्याला पाठ लावून खाली बसले. पोरांनी टोपड्या हवेत उडवल्या. “कोतवाल! कोतवाल!” आत टांगलेल्या मेणबत्त्याही डचेसने खायला घेतल्या.

सरांच्या केसांत चिखल, बाहीवर लोणी आणि एक बूट झोपाळ्यापाशी. लागलेला दम ओसरला तेव्हा ते म्हणाले, “बाई, पुरे झालं. निर्णय आत्ताच सांगतो. पुढच्या वर्षीपासून हा दिवस बंद.”

बाईंचे डोळे भरून आले आणि ते लपवायलाही त्यांनी काही केलं नाही.

टेसाने बोट वर केलं. “सर, मग तुम्हाला कोतवालपदावरून काढणार कोण?”

“म्हणजे?”

“गावसभा दुसरा निवडेपर्यंत, अशी तुमची शपथ आहे. सभाच भरली नाही तर तुम्ही मरेपर्यंत कोतवाल.”

“आणि मेल्यावर त्यांचा मुलगा?” वायटने विचारलं.

“गप रे, ते काय राजे आहेत?”

“अगं, हा खेळ आहे,” सर म्हणाले.

“तुम्ही हात वर केला होतात, सर. आणि दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे सोमवारी सगळ्या शाळेसमोर तुम्हीच सांगितलंत.”

एल्मर खाकरला. “माझ्या दृष्टीने उत्तमच झालं. यंदा माझं कुंपण तीन बाजूंनी पडलंय. सर, तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. ही मंडळी बहुतेक पहाटेचीच सुटतात.”

सरांनी एल्मरकडे पाहिलं. तो हसत नव्हता. पोरांकडे पाहिलं. तीही हसत नव्हती, नुसती वाट बघत होती, आणि सोमवारचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं.

“बाई,” सर म्हणाले, “पुढची गावसभा कधी असते?”

बाईंनी पदराने पुसावे तसे टोपडीने डोळे पुसले. “ऑक्टोबरात, सर.”

“सप्टेंबरात घेता येणार नाही?”

“नाही. मका तयार नसतो.” डोळे कोरडे झाल्याबरोबर बाईंना आपला हट्टही सापडला होता.

“बरं, ऑक्टोबरात. पण तोवर एखादा नवा नवरदेव शोधून ठेवा.”

“खेळाच्या सरांचं जमतंय म्हणे,” टेसा म्हणाली.

शाळा सुटताना बाई पोरांना बसमध्ये बसवत होत्या. फाटकाशी पेल्टियर सर उभे होते. तोंड धुतलेलं, चिखलाचा कोट जाऊन अंगात स्वच्छ स्वेटर. बटाट्याचा बिल्ला मात्र कोटावरून काढून त्यांनी स्वेटरवर नीट मधोमध लावला होता. वायटच्या आईने गाडीची काच खाली करून विचारलं, “सर, हे काय लावलंय?”

“निवडून आलोय,” सर छाती काढून म्हणाले. “एकमताने.”