हेल्मेटातला रामराम

माणसांची सवय बदलायची असेल तर पहिला प्रयोग घरातल्याच माणसावर करा, असं सांगलीच्या प्रशिक्षणात सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्या आशा सेविका हसलो. गावातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या घ्यायला लावणं सोपं आहे. नवऱ्याला ओला टॉवेल दोरीवर टाकायला लावून दाखवा म्हणावं. प्रशिक्षण देणाऱ्या प्रांजल मॅडम पुण्याच्या, वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं. त्यामुळे त्या जे बोलत होत्या ते अगदी मनापासून बोलत होत्या.

त्यांचं म्हणणं असं, की लोकांना माहिती नसते म्हणून ते चुकीचं वागतात हा आपला गैरसमज आहे. माहिती सगळ्यांना असते. आडवं काय येतं ते शोधा, ते बाजूला करा आणि चांगलं वागणं सोपं करून ठेवा. मला हे पटलं. मी तिथंच ठरवलं की रविराजच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं.

रविराज माझा नवरा. आमचं गाव कवठेमहांकाळकडचं. तिथून तो रोज मोटारसायकलवर कुपवाडला जातो, दस्तगीरभाईंच्या वर्कशॉपात लेथवर काम करतो. निम्म्याहून जास्त वाट हायवेची. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याच हायवेवर आमच्या शेजारचा अर्जुना गाडीवरून पडला. हातपाय धड, पण डोकं आपटलं. आता तो ओसरीत बसून असतो, आणि बायको सोनम चहा घेऊन आली की आईला विचारतो, ही बाई कोण? माझ्या भेटींच्या यादीत ते घर आहे. तिथून आले की रविराजच्या गाडीचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. सासूबाई म्हणतात, सुनेचं सगळं ध्यान मोबाइलमध्ये. मी म्हणते, कामाचे मेसेज असतात.

हेल्मेट घरात होतं. गाडीबरोबर शोरूमवाल्यानं दिलेलं, काळं, पूर्ण तोंड झाकणारं. मी आधी भीती दाखवून बघितली. भीतीचा असर टिकत नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण आपल्याकडे पोरं भीतीवरच वाढवतात, म्हटलं एकदा बघू. मोबाइलवर अपघातांचे फोटो दाखवले. रविराजनं सगळे बघितले, लय वाईट झालं म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला. ते फोटो सासूबाई हरणाबाईंच्या नजरेला पडले आणि त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं.

मग सोपं करून ठेवायचा प्रयोग. गाडीची किल्ली मी हेल्मेटात ठेवायला लागले, म्हणजे किल्ली घेताना हेल्मेट हातात येईलच. आलं. त्यानं किल्ली घेतली आणि हेल्मेट पाण्याच्या टाकीवर ठेवलं. आठवड्याभरात त्यात लसूण भरलेला दिसला. आतून मऊ आहे, पाकळ्या दबत नाहीत, असं सासूबाईंचं निरीक्षण. या घरात हेल्मेटाचा उपयोग सगळ्यांना कळला होता, एक गाडी चालवणारा सोडून.

मग एका सकाळी मिरजेला जायचं निघालं. नणंदेच्या घरी बारसं होतं, आहेर घ्यायचा होता. रविराजच्या गाडीची चेन तुटलेली, म्हणून त्यानं दस्तगीरभाईंच्या मुलाची, झिशानची लाल गाडी आणली होती. मी अट घातली, हेल्मेट घातल्याशिवाय मी मागं बसायची नाही. त्यानं बरीच कुरकुर केली, पण बारसं त्याच्याच बहिणीकडचं. सासूबाई सकाळीच रानात गेल्या होत्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. लसूण परातीत ओतला, हेल्मेट घातलं, आणि आम्ही निघालो.

आता आमच्या गावाची रीत सांगायला हवी. स्टँडजवळ कट्टा आहे. तिथं माझे सासरे नानासो आणि त्यांच्या वयाची सगळी मंडळी सकाळपासून बसलेली असतात. जन्म मेंढरांमागं गेला, आता मेंढरं कमी झाली, तर ही मंडळी माणसं राखतात. कट्ट्यासमोरून जाताना गाडी हळू करायची, मान लववायची आणि रामराम घालायचा. जो घालत नाही तो एकतर परगावचा, नाहीतर माजलेला. रविराजनं गाडी हळू केली, मान लववली. मीही पदर सावरून मामंजींना नमस्कार केला. आम्हाला वाटलं, झालं.

दुपारी परत आलो तर अंगणात ही गर्दी. सासूबाई कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसलेल्या. आमच्याआधी बातमी घरी पोचली होती, की नानासोची सून लाल गाडीवरनं तोंड झाकलेल्या माणसाबरोबर मिरजेच्या वाटेला लागली. मी गाडीवरून उतरले. रविराज हेल्मेटासकट उतरला, कारण त्याचा पट्टा त्याला सुटत नव्हता. मामंजींनी काही विचारलं नाही. उठले, आणि मेंढरं हाकायची काठी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातली.

ठक्कन आवाज झाला. माणूस जागचा हलला नाही. काच वर करून तो म्हणाला, "आबा, मी हाय."

मामंजी काठी धरून तसेच उभे राहिले. मग जास्तच भडकले. "तू हायस तर रामराम का घातला न्हाईस?"

"घातला की," रविराज म्हणाला. "आत घातला."

अंगणातली गर्दी हसून हसून खाली बसली. मला मात्र रडावं का नाचावं ते कळेना. एक तर हेल्मेट किती पक्कं आहे त्याची परीक्षा सासऱ्यांनी फुकटात घेतली होती. दुसरं म्हणजे मॅडमनी जे शोधायला सांगितलं होतं ते मला सापडलं होतं. रविराजनं नंतर नीट सांगितलंच. तोंड झाकून रोज गावातनं गेलं की लोक म्हणतात, कुपवाडला कामाला लागला आणि माजला. ते बोलणं आबांना ऐकावं लागतं. त्यापेक्षा डोकं उघडं बरं.

म्हणजे त्याला डोक्याची काळजी नव्हती असं नाही, त्याला तोंडाची काळजी जास्त होती. मी दुसऱ्याच दिवशी हेल्मेट दस्तगीरभाईंकडे धाडलं. त्यांच्याकडे मशिनला रंग मारायचा फवारा आहे. मी सांगितलं, भंडाऱ्यासारखा पिवळा द्या, म्हणजे आमच्या देवाच्या, बिरोबाच्या रंगाला कट्ट्यावर कुणी नावं ठेवणार नाही. दस्तगीरभाईंनी हौसेनं दोन हात मारले. असं पिवळं, की उन्हात बघवेना. मामंजींनी कट्ट्यावर जाहीर करून टाकलं, पिवळं डोस्कं दिसलं की आपला रवी समजायचं आणि रामराम घ्यायचा.

आणि काय सांगू, जमलं. कट्टाच आधी हात वर करायला लागला. एखाद्या दिवशी रविराज तसाच निघाला तर म्हातारे विचारायचे, डोस्कं कुठं इसरलं रं? तो मुकाट्यानं माघारी यायचा. गावातल्या आणखी दोघांनी दस्तगीरभाईंकडून रंग मारून आणले, एकानं हिरवा, एकानं गुलाबी. कट्ट्याला आता रंगावरून माणसं ओळखायचा नवा उद्योग मिळाला. मला तर कधी एकदा सांगलीला जाऊन सांगते असं झालं होतं.

प्रांजल मॅडमना एवढा आनंद झाला, की त्या स्वतः गाडी घेऊन चित्रीकरणाला आल्या. पुढच्या प्रशिक्षणात दाखवायचं होतं. ठरलं असं, की रविराज रोजच्यासारखा कामाला निघेल आणि आम्ही थोडं अंतर ठेवून मागून जाऊ. तो निघाला. आम्ही मागोमाग येणार हे त्याला मी सांगितलं नव्हतं, नाहीतर तो लाजतो. कट्ट्यावरचं चित्रीकरण बघण्यासारखं झालं. मामंजींनी तर दोन वेळा हात वर केला.

हायवे लागला तसा रविराज कडेला थांबला. त्यानं हेल्मेट काढलं, कोपरात अडकवलं, केसांतून बोटं फिरवली आणि गाडी अशी सोडली, की आमच्या ड्रायव्हरला वेग वाढवावा लागला. हेल्मेट त्याच्या कोपराला झोके घेत होतं. मॅडमचा मोबाइल चालूच होता. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडम मात्र हळू आवाजात म्हणाल्या, "राणीताई, आपण कट्ट्यावरचंच बघत होतो. म्हणून तेवढंच बदललं."

मी ड्रायव्हरला गाडी पुढं काढून आडवी घालायला लावली. आम्हाला बघून रविराजनं घाईघाईनं हेल्मेट घातलं, तेही तिरकं. मग पुन्हा काढलं. रागावलाच तो. म्हणाला, इथं वळखीचं कोण हाय? हितं कुणाला दाखवायचं?

प्रशिक्षणातलं माझं सगळं पाठ होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. बाजूनं ट्रक जात होते आणि त्यांच्या वाऱ्यानं त्याचे केस उडत होते.

"आवं, मी दर आठवड्याला अर्जुनाच्या घरात जाते," मी म्हटलं. "सोनम त्याच्या म्होरं उभी असती आन् तो म्हनतो ही कोण. तुमी मला असं इचारलं तर मी कुठं जाऊ? मला लय भ्या वाटतं. रोज वाटतं. तुमची गाडी दारात येस्तवर मला काय सुधरत न्हाई."

त्यानं गाडी बंद केली. मग म्हणाला, "हे तू कवा बोलली न्हाईस. मला वाटलं ट्रेनिंगचं काम हाय. गोळ्या वाटतीस तसलं. काम संपलं की तू बी इसरशील."

मला ते लागलं, कारण खरंच बोलले नव्हते. फोटो दाखवले, किल्ली ठेवली, रंग मारून आणला, सासऱ्यांपासून दस्तगीरभाईंपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. भीती तेवढी मनात ठेवली, कारण ती सांगायची कशी हे कुणी शिकवलं नव्हतं. मॅडमनी मोबाइल बंद केला होता आणि त्या रस्त्याकडेच्या द्राक्षबागेकडे बघत होत्या. रविराज हेल्मेट घालून निघाला. ड्रायव्हरनं विचारलं, मागं जायचं का? मी नको म्हटलं. माणसावर दिवसभर पाळत ठेवून संसार होत नसतो.

संध्याकाळी गाडी वाजली. कट्ट्यावरून आला म्हणजे हेल्मेट घालूनच आला असणार, त्यावरून काही कळणार नव्हतं. मी पिठात हात घालून बसले होते, मान वर केली नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते फार जड जात होतं. तो सरळ चुलीपाशी आला, खाली बसला आणि माझ्यापुढं डोकं वाकवलं.

"हात लाव," म्हणाला.

केस घामानं कवटीला चिकटले होते. मुळापर्यंत ओले. कपाळावर हेल्मेटाच्या कडेचा लाल वळ उमटला होता. गावापुरतं घातलेल्या हेल्मेटानं एवढा घाम येत नाही. माझ्या हाताचं पीठ त्याच्या केसांत कालवलं गेलं, तरी मी हात काढला नाही, आणि त्यानंही डोकं हलवलं नाही.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आरं, आधी आंगुळ कर जा, किती वास मारायलाय."

मी म्हटलं, "मारू द्या."