आमच्या वाटचं ऐकून घेणारे साहेब

ट्युनिसमधल्या आमच्या ऑफिसात फ्रान्समधून तक्रारींचे फोन येतात, म्हणून आमची नावंही फ्रेंच. मी विदाद, पण फोनवर क्लेअर. सी बेशीर, म्हणजे आपले बेशीरराव, आमचे साहेब होते तेव्हा फोन ठेवला की मी पुन्हा विदाद व्हायचे. गिऱ्हाईक शिव्यांवर उतरलं की नुसता हात वर करायचा. ते यायचे, हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचे आणि म्हणायचे, "जा, कॉफी पिऊन ये. याच्याकडे मी बघतो."

मग त्यांनी अचानक नोकरी सोडली आणि स्कंदर आला. दुष्ट नाही तो, पण त्याला माणसाआधी आकडे दिसतात. कॅन्टीनमध्येसुद्धा मला क्लेअरच म्हणतो. हात वर केला की गुण कापतो, त्यामुळे आता कुणी करत नाही. कितीही शिव्या पडल्या तरी फोन संपेपर्यंत ऐकत बसायचं.

परवा मावशी घरी आली. मी दार उघडलं आणि तोंडातून निघालं, "नमस्कार, मी क्लेअर. काय मदत करू?"

"आधी ही पिशवी धर, क्लेअरबाई!"

सगळे हसले. मी मात्र न्हाणीघरात जाऊन रडले. आणखी महिनाभर असंच चाललं तर नोकरी सोडावी लागणार होती. त्यापेक्षा सी बेशीरनाच परत या म्हणावं, असं ठरवलं.

आज रविवारी मकरूद, म्हणजे खजुराची मिठाई, घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातच त्यांची बायको म्हणाली, "आधी तुझा फोन बंद कर."

"विदाद! ये गं पोरी!" सी बेशीर किती वाळले होते!

तेवढ्यात शेजारच्या घरात फोन वाजला आणि त्यांच्या हातातला चहा हिंदकळला.

"तुम्हा सगळ्यांच्या वाटचं ऐकून घरी यायचे. ना जेवण, ना झोप," बायको म्हणाली. "शेवटी डॉक्टरांनीच काम बंद करायला लावलं."

"हिचं काय ऐकतेस? हिला बोलायला निमित्तच लागतं." मग हळूच म्हणाले, "आता तुम्हा पोरींना कुणी छळलं तर मध्ये कोण पडतं?"

"स्कंदर," मी म्हणाले. "फार समजूतदार आहे."

"वा! मला तीच काळजी लागली होती." त्यांनी मकरूद उचलला आणि आरामात मागे टेकून बसले.

परत या, हे शब्द मी तिथेच गिळले. उद्या सोमवार. ते मला अजूनही हवे आहेत, पण आता त्यांना बोलवायचं कुठल्या तोंडाने?