मुक्या मानेवरचे दोन खड्डे

मित्रांनो, मी एक बाळ आहे. पण मला आई नाही आणि माझी मान रबराची आहे, कारण मी सरावाची बाहुली! अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका इस्पितळात ऑस्टिओपॅथी, म्हणजे नुसत्या हातांनी आखडलेलं अंग सैल करायची विद्या शिकवतात. बालरोगाचे शिकाऊ डॉक्टर आधी माझ्यावर हात बसवतात, मगच खऱ्या बाळांना शिवतात. अंगठा जरा जड पडला की माझ्या मानेतला भोंगा असा किंचाळायचा! "याचा गळा थेट माझ्या सासूबाईंचा," म्हणत शिकवणाऱ्या डॉक्टर पेल्कीबाई माझा गालगुच्चा घ्यायच्या. काय तोरा होता माझा!

मग एका हिवाळ्यात मी गळक्या खिडकीखाली पडून राहिले. भोंगा गंजला. कुणाला कळलंच नाही.

एका सकाळी बर्फाचे बूट दारात काढून नवी डॉक्टर थिबडो आली. तिने माझी मान धरली आणि... बाप रे! मी जीव तोडून ओरडायला गेले. आवाजच फुटेना.

"बघा, चूं नाही! पिसासारखे हात आहेत माझे," असं पेल्कीबाईंना म्हणत ती शेजारच्या खोलीत गेली सुद्धा.

तिथे एवढासा एमेट होता. मान एकीकडे आखडलेली, म्हणून त्याला दूध ओढता येत नव्हतं.

"दुखणार नाही ना हो त्याला?" त्याच्या आईचा आवाज आला.

"छे हो! आत्ताच सराव करून आलेय."

तेच अंगठे, तोच जोर, आणि ती मान खरी! थांबवा तिला, कुणीतरी थांबवा!

पेल्कीबाईंनी मला कपाटात ठेवायला उचललं. माझं रबर म्हातारं. दाबलं की लवकर वर येत नाही. माझ्या कानांखालचे दोन खोल खड्डे त्यांच्या बोटांना लागले. मला काखेत मारून त्या धावल्याच.

"थिबडो! हात मागे! आधी माझं मनगट धर. या रबरी बाळाला धरलंस ना, अगदी तसंच."

तिने धरलं.

"आई गं! बाळाची मान आहे की लोणच्याच्या बरणीचं झाकण?"

थिबडो पांढरीफटक पडली. "पण... ते ओरडलं नाही."

"ओरडलं नाही म्हणजे दुखलं नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

मग ती त्या मनगटावरच शिकत बसली. बाई "अजून हलकं, अजून" म्हणत राहिल्या. दुपारी तिने एमेटच्या मानेखाली नुसती बोटं टेकवली. एमेटने मान सैल सोडून ही एवढी मोठी जांभई दिली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

भोंगा अजून बंदच आहे. पण आता सराव संपला की प्रत्येक जण माझी मान चाचपून बघतो. मित्रांनो, तुमच्याजवळही कुणी गप्प गप्प असेल, तर हात उचलल्यावर बघत जा ना जरा, खड्डा पडलाय का ते!