कोपऱ्यातल्या पट्ट्या

"मावशी, सही करा आणि मोकळ्या व्हा. गाडी दारात उभी आहे."

मावशीने पेन उचललंच नाही. रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांचा ताव तिने दिव्याखाली तिरका धरला होता. एका तावात पाचशे पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला एन्झाइमचा वाळलेला थेंब, मोहरीएवढा. एकोणीस वर्षं ती हेच थेंब तपासत आली होती. आज कोपऱ्यातल्या थेंबांना कड आली होती, सांडलेला चहा वाळल्यावर येते तशी.

"कोपरे नीट वाळले नाहीत, साहेब. सकाळी पंखा अडखळत होता."

"यंत्र पास म्हणतंय. दहाच्या दहा पट्ट्या पास. तुमचे डोळे यंत्रापेक्षा शहाणे का?"

"यंत्र काय, भरवाल ते खाईल. दहाही पट्ट्या मधल्याच काढल्यात ना?"

साहेबाने ट्रेकडे पाहिलं. मधल्याच काढल्या होत्या. कायम मधल्याच काढत. ट्रेला हात घालायची खाच मध्ये होती, एवढंच त्यामागचं शास्त्र. पदव्यांची भेंडोळी मिरवणाऱ्यांनी इतक्या वर्षांत हात वाकडा करायचे कष्ट घेतले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मावशीनेही तोंड उघडलं नव्हतं. आपण बरं, आपलं काम बरं.

"वर काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा. माणूस आकडा बघून इन्सुलिनची सुई टोचून घेतो, साहेब. पट्टीने जास्त दाखवलं तर जास्त टोचेल. साखर उतरून आडवा होईल."

"धमकी देताय?"

"नोकरी तुमच्या हातात, मी कसली धमकी देते! कोपऱ्यातल्या दहा काढा. सगळ्या पास झाल्या तर सही करते आणि उद्यापासून येत नाही."

बोलून गेली खरी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पण तोंडातून गेलेलं थोडंच परत येतं?

साहेबाने चडफडत पट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर मोजून साखर घातलेल्या पाण्याचा थेंब. आकडा शंभराच्या आसपास यायला हवा. पहिली, एकशे दोन. साहेब हसला. दुसरी, अठ्ठ्याण्णव. मावशीने पेन जवळ ओढलं. तिसरी, एकशे चौतीस. चौथी, एकशे एकेचाळीस. पुढे साहेबाने मोजणं थांबवलं नाही, हसणं थांबवलं.

गाडी रिकामी गेली. सगळे ताव कापून फेकले. आभार? कसले आभार! संध्याकाळी फलकावर नोटीस लागली, 'नमुने चारही कोपऱ्यांतून घ्यावेत', खाली साहेबाची लफ्फेदार सही. मावशीने ती दोनदा वाचली.

"अक्षर छान आहे हो साहेबांचं," ती म्हणाली आणि हसत घरी गेली.

घरी थोरल्या जाऊबाई जेवणाआधी बोट टोचत होत्या. पाच सेकंद. दोनशे अठरा.

"खोटारडी मेली तुझी पट्टी! दुपारपासून गोडाला शिवलेसुद्धा नाही मी."

"ओठाला साखर लागलीये तुमच्या."

"तुझं मेलं लक्ष भारी!"

जाऊबाईंनी ओठ पुसला, चष्मा सारखा केला. आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मुकाट्याने सुईत औषध दोन खुणा जास्त भरलं. मावशीने ताटं घेतली.