परातीतली कावीळ

रविवारी सकाळी आठलाच कावीळ उतरवणाऱ्या उकंडरावांच्या अंगणात पन्नास-साठ माणसं जमली होती. कुणी किन्हीराजाहून आलेलं, कुणी मंगरूळपीरहून. पहिल्या रोग्याच्या हातांना त्यांनी कसलासा रस चोळला, परातीतल्या स्वच्छ पाण्यात हात धुवायला लावले, आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं. गर्दी पुढे सरकली.

"दवाखानेवाले अंगात पाणी भरते," उकंडराव म्हणाले. "मी अंगातलं काढतो. तीन रविवार. पाणी निवळलं का कावीळ गेली."

हे मी आधीही ऐकलं होतं. वडिलांना घेऊन मी याच परातीपुढे बसले होते. तिसऱ्या रविवारी पाणी जवळजवळ निवळ निघालं, म्हणून ठरलेली रक्ततपासणी मी रद्द केली. त्यांना जाऊन एकेचाळीस दिवस झाले.

आज शेजारच्या विमलबाई लेकीला, सपनाला, घेऊन आल्या होत्या. सपनाला सातवा महिना, डोळे पिवळे. दवाखान्यात चला म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन सांगून पाहिलं. पाणी पिवळं होताना डोळ्यांनी पाहिलंय, ते खोटं कसं म्हणू, असं त्या म्हणाल्या. म्हणून मी सोबत आले.

सपनाचा नंबर आला तेव्हा तिच्याआधी मी माझे हात पुढे केले. रक्त कालच तपासलं आहे, मला कावीळ नाही, असं सगळ्यांना सांगितलं. उकंडरावांनी रस चोळला. पाणी पिवळं झालं.

"लपलेली हाय तुले," ते म्हणाले.

मी वाटीतला रस शेजारच्या दुसऱ्या परातीतल्या पाण्यात ओतला. त्या पाण्याला कुणाचाही हात लागला नव्हता. तेही पिवळं झालं.

"आता परातीलेबी तीन रविवार बसवा," मागून एक म्हातारा म्हणाला. लोक हसले.

बाबा गेल्यावर मी हे घरी करून पाहिलं होतं, म्हणून मी सांगितलं ते साधं होतं. मीठ पाण्यात विरघळलं तरी मीठच राहतं. पाणी आटवलं की परत मिळतं. हा भौतिक बदल. पण हा रस आंब्याच्या सालीचा आहे आणि पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की दोन्हींत नसलेला पिवळा पदार्थ तिथेच तयार होतो. हा रासायनिक बदल. अंगातून काहीच निघत नाही. तिसऱ्या रविवारी रस कमी चोळला की पाणी निवळतं.

विमलबाईंनी मला विचारलं, "मंग तुह्या बाबाच्या येळी काहून नाई बोलली?"

"शाळेत शिकली होती, काकू. पण तवा तपासून नाई पाह्यलं."

विमलबाई उठल्या. सपनाचा दंड धरून ऑटोकडे निघाल्या. दुपारी तिला वाशिमला दाखल केलं. ती आणि बाळ सुखरूप राहतील का, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. आठ दिवस आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. परातीतलं पाणी फक्त परातीत काय घडलं तेवढंच सांगतं.