बंद मशीन

खोटं एकदाच बोलून मोकळं होता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं ते कधी बोलून पाहिलेलं नसतं. शैलाबाईंना त्यांचं खोटं रोज दुपारी चार वाजता बोलावं लागे, आणि तेही व्हिडिओ कॉलवर, गालांना जेल फासून. महिनाभर हे चाललं होतं.

मूळ गोष्ट साधी होती. त्यांच्या डाव्या खांद्याशी, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत पेसमेकर बसवलेला होता. सव्वा वर्षापूर्वी अमरावतीच्या घरी पोळ्या लाटता लाटता त्या कोसळल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा ठोका मधेच चुकतो, कधी थांबतो. मग काडेपेटीपेक्षाही लहान असं ते यंत्र बसलं. त्यानंतर त्यांच्या मुलीला, अबोलीला, पहिलं चांगलं स्थळ आलं ते यवतमाळचं. शैलाबाईंचे यजमान मोरोपंत पेशानं वकील, पण घरच्या कामात खरं बोलायची खोड. त्यांनी बैठकीत सगळं सांगून टाकलं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवून झाली होती! मधल्या माणसानं मग खरं काय ते सांगितलं. आईच्या काळजाला मशीन लागलं आहे, उद्या पोरीलाही लागलं तर, असं तिकडे बोलणं झालं होतं. अबोली एकोणतीस वर्षांची. दोन दिवस तिनं ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आईजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, पुढच्या वेळी सांगू नका. मी हात जोडते." आणि खरंच हात जोडले.

म्हणून अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा कोणी काही बोललं नाही.

स्वानंद शाळेत गणित शिकवायचा. मुलगा शांत, अबोलीकडे बघून हसला की कानापर्यंत लाल व्हायचा. त्याची आई शकुनताई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून जठारपेठेत ब्यूटी पार्लर चालवून बाईनं एकटीनं पोरगा वाढवला होता. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. सुपारी फोडली त्या दिवशी तिनं शैलाबाईंची ओटी भरली, आणि ओटीत नारळाशेजारी एक गुलाबी डबा ठेवला.

"साडी तर कोणीबी देते, विहीणबाई. हे तोंडाची अन् मानेची कातडी ओढून धरनारं मशीन हाय. बारीकसा करंट सोडते. लग्नाच्या फोटोत आपन दोघी पोरीच्या बहिनी दिसलो पायजे!"

सगळे हसले. मग शकुनताई एकदम गंभीर झाली. धंद्यातली बाई, तिचं काम तिला ठाऊक होतं.

"पन आदी इचारा लागते. फिट येते काय तुमाले? कॅन्सर-बिन्सर? काळजाले मशीन? ज्याले हाय त्यानं याले हातबी लावाचा नाही."

मोरोपंतांनी पाण्याचा पेला उचलला. अबोली आईकडे बघत होती, डोळ्यांची पापणी न लववता.

"छे हो," शैलाबाई म्हणाल्या. "मला काय होणार आहे? धडधाकट आहे मी."

त्या एका वाक्यावर ठरलेलं लग्न टिकलं.

घरी आल्यावर मोरोपंतांनी डब्यातलं माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर नेहमी हळू बोलत, त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. पेसमेकर ठोक्यांची चाहूल घेत बसलेला असतो, ते म्हणाले. ठोका आला नाही की तो आपला ठोका देतो. बाहेरून असा करंट आला तर त्याला वाटू शकतं की हृदयच चाललंय, आणि मग तो गप्प बसतो. तुमच्या मिसेसचं त्याच्यावाचून भागत नाही. मानेवर, छातीजवळ तर मुळीच नको. फोन ठेवल्यावर मोरोपंतांनी डबा कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. पण दुसऱ्याच दिवशी चार वाजता शकुनताईचा व्हिडिओ कॉल आला.

"घ्या विहीणबाई, आना मशीन. मी शिकवतो. जेल लावल्याबिगर फिरवाचं नाही, नाहीतर चटके बसते. अन् गळ्याच्या मदोमद, घाटीवर, कधीच नाही. कडेकडेनं, वरतं."

काय करणार? कपाट उघडावं लागलं. शैलाबाईंनी जेल लावलं, यंत्र हातात घेतलं, बटण दाबल्यासारखं केलं आणि त्याच्या दोन थंड पोलादी गोळ्या गालावरून कानाकडे ओढल्या. यंत्र बंदच होतं.

रोज चार वाजता हेच. आज पाहुणे आहेत, आज उपास आहे, आज बाजारात आहे, असे चार बहाणे झाले, पाचव्याला तोंड उरलं नाही. शकुनताई समोर आपल्या गालावरून यंत्र फिरवी आणि गप्पा मारी. स्वानंद लहानपणी कसा जिन्यावरून पडला, सासूबाई अंथरुणावरून कशा हुकूम सोडतात, नवरा गेल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाच्या भुवया करताना दोरा कसा सारखा तुटत होता. शैलाबाईंना ती बाई आवडायला लागली होती, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट झाली. परक्याशी खोटं बोलता येतं. जी आपल्याला दिवसभराचं सगळं सांगते तिच्याशी बोलताना जीभ जड होते. एकदा कॉल संपल्यावर त्या तोंड धुताना रडल्या आणि अबोलीला म्हणाल्या, "सांगून टाकू या का ग? तशी नाहीये ती."

"आई, साखरपुडा होऊ दे," अबोली म्हणाली. "एवढं कर माझ्यासाठी."

साखरपुडा अकोल्याला ठरला होता, कारण शकुनताईच्या सासूबाईंना उठवत नव्हतं आणि नातसून डोळ्यांनी बघायची होती. सकाळी वरूडच्या संत्र्यांची पेटी डिकीत टाकून तिघं निघाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. शैलाबाईंचा हात सारखा पदराखाली त्या उंचवट्याकडे जात होता. गाडी चालवता चालवता मोरोपंत आरशातून बघत होते. बोरगाव मंजूजवळ ते म्हणाले, "आजचा दिवस गेला की मी स्वतः सांगतो त्यांना." हे ते महिनाभर म्हणत होते.

घरात शिरतात तोच शकुनताईनं शैलाबाईंचा हात धरला आणि त्यांना माजघरातल्या खुर्चीवर बसवलं. पाच-सहा बायका जमल्या होत्या. तिची नणंद दामिनी नॅपकिन घेऊन तयार उभी होती.

"आमच्यात विहिणीचे पाय धुते," शकुनताई म्हणाली, "पन पोरीच्या मायनं वाकून माहे पाय धुवावं हे मले पटत नाही. मी माह्या विहिणीचं तोंड करून देनार, माह्या हातानं. हाच मान."

बायकांनी वाहवा केली. शैलाबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या.

"अहो, राहू द्या. मी घरून करून आले सकाळी."

शकुनताई वाकली आणि त्यांच्या कानाशी हलकेच बोलली, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं.

"खोटं कावून बोलता? महिनाभर बंद मशीन फिरवून राहिल्या तुमी. चालू असलं की त्याचा लाईट लागते, मले फोनमंदी दिसत होतं. माही वस्तू तुमाले आवडली नाही, पार्लरवालीची म्हनून. ठीक हाय. पन आज चार बायांसमोर तरी नाही म्हनू नका."

तिचे डोळे भरले होते. शैलाबाईंना वाटलं जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं. नाही म्हटलं तर ही मानी बाई दुखावणार, कारण सांगितलं तर लग्न मोडणार, आणि दोन्ही नको तर मान पुढे करायची. चौथी वाट त्यांना दिसेना. त्यांनी डोळे मिटले. उजव्या गालावर जेलचा थंड हात फिरला.

"उजवी बाजू आदी," शकुनताई मोठ्यानं म्हणाली, आणि यंत्राचा पांढरा लाईट लागला.

गालावर मुंग्या चालल्यासारखं झालं. शैलाबाई आतल्या आत ठोके मोजू लागल्या. एक, दोन, तीन. चालू होतं. चार, पाच. त्यांनी डोळे उघडले तर समोर दारात अबोली उभी होती, डाळिंबी साडीत, हातात पेढ्यांचं ताट घेऊन. तिनं आईला पाहिलं, लाईट पाहिला. तिला सगळं कळत होतं. डॉक्टरांचा फोन स्पीकरवर होता तेव्हा ती शेजारीच बसली होती.

शैलाबाईंनी लेकीकडे बघितलं. त्यांना फार काही नको होतं. 'आई, गुरुजी बोलावतात' एवढं पोरीनं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ताट हातातून सुटलं असतं तरी चाललं असतं.

अबोलीनं मान खाली घातली आणि ताटातले पेढे सारखे करू लागली.

शैलाबाईंना आयुष्यात इतकं दुःख कधी झालं नव्हतं, पोळपाटावर कोसळल्या तेव्हाही नाही. यंत्र जबड्याखालून मानेच्या कडेला आलं. मग शकुनताई डावीकडे वळली, जेल लावायला पदर जरा बाजूला केला, यंत्र मानेच्या बुडाशी टेकवलं. एकशे सोळा, एकशे सतरा. एकशे अठराचा ठोका आलाच नाही. डोळ्यांपुढे काळं पडलं, खुर्ची मागे गेल्यासारखी वाटली, आणि काय करतो आहोत हे कळायच्या आत शैलाबाईंनी दोन्ही हातांनी शकुनताईचं मनगट धरून झटक्यात बाजूला ढकललं. यंत्र फरशीवर पडलं. दमलेल्या माणसानं पायरी चढावी तसा ठोका परत आला.

ओढाताणीत पदर खांद्यावरून घसरला होता. ब्लाउजच्या काठापाशी व्रण दिसत होता, आणि कातडीखालचा तो उंचवटा. शकुनताई पार्लरवाली, बायकांच्या कातडीवरचं काहीही तिच्या नजरेतून सुटत नसे. ती मटकन खाली बसली.

"कवापासून?"

"सव्वा वर्ष झालं."

"मी इचारलं होतं तुमाले." ती फरशीवरच्या यंत्राकडे बघत होती. "पयल्या दिवशी इचारलं. माह्या हातानं मारलं असतं मी तुमाले! पोराच्या साखरपुड्याच्या दिवशी! काय तोंड दाखवलं असतं मी?" ती रडायला लागली. "मशीन हाय म्हनून मी सोयरीक मोडली असती, असं वाटलं तुमाले? माहा नवरा काळजानंच गेला, बाई. त्यावक्ती असं मशीन मिळालं असतं तर पायजेच होतं आमाले."

दामिनीनं पाणी आणलं, ते दोघींनी एकाच पेल्यातून घेतलं. आपण महिनाभर ज्या भीतीनं मरत होतो तिला मुळात कारणच नव्हतं, हे शैलाबाईंच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. हसावं की रडावं कळेना.

शकुनताईनं डोळे पुसले. तिची नजर दाराकडे गेली, ताट धरलेल्या अबोलीवर थांबली, आणि परत शैलाबाईंकडे आली. आता तिच्या आवाजात पाणी नव्हतं.

"मायनं लपवलं ते मले समजते. पोरीसाठी माय काहीबी करते. पन एक खरं सांगा मले. हिले माहीत होतं? हे मशीन तुमच्यावर चालवू नये, हे या पोरीले माहीत होतं? कारन ते इथंच उभी होती. मायचा जीव जाऊन राहिला अन् पोरगी पेढे लावून राहिली, अशी पोरगी मी माह्या घरात नाही आननार. मले उद्या अंथरुनावर पडाचं हाय."

अबोलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं ताट छातीशी धरलं.

शैलाबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिला काही माहीत नव्हतं. हे बसवायला गेले तेव्हा ताईकडे जाते म्हणून सांगितलं होतं मी. आजपर्यंत कळू दिलं नाही तिला."

शकुनताईनं एकदा अबोलीकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली, नॅपकिन ओला केला आणि शैलाबाईंच्या मानेवरचं जेल फार जपून पुसून काढलं.

"बोलवा गुर्जीले," ती दामिनीला म्हणाली.

साखरपुडा झाला. सासूबाईंनी अंथरुणावरूनच अक्षता टाकल्या, स्वानंद कानापर्यंत लाल झाला, मोरोपंतांना झालेलं कळलं तेव्हा ते कोपऱ्यात तोंड फिरवून उभे राहिले. अंगठ्या घातल्यावर जोडी पाया पडायला आली. अबोली आईच्या पायांवर वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिचे खांदे हलत होते.

"माय-लेकीचं लई गूळपीठ दिसते," कोणीतरी कौतुकानं म्हणालं.

शैलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा, म्हणाल्या. यवतमाळचं मोडलं तेव्हा याच डोक्यावरून त्यांनी रात्रभर हात फिरवला होता. आज तो हात नुसता ठेवलेला होता, आणि फोटोवाला हसा म्हणेपर्यंत त्यांना तो उचलायचं सुचलं नाही.