विहिरीवरचा यंत्रमानव

भामाबाईनं चपला सभागृहाच्या दाराबाहेर काढल्या आणि मग पाहिलं, तर आत सगळी माणसं चपला घालूनच बसली होती. ती मागे फिरली, चपला पुन्हा पायांत सरकवल्या आणि शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्चीच्या कडेला अंग चोरून नव्हे, पाठ टेकून. एवढं करताना तिच्या कानशिलांवर घाम आला.

जामखेडच्या एका वाचनालयानं कथास्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘इसवी सन दोन हजारचा माणूस’. चंद्रावर माणूस चालून आला तेव्हापासून तालुक्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना असल्या गोष्टींचं वेड लागलं होतं. खर्ड्याहून मात्र स्पर्धेत मनकर्णा एकटीच उतरली होती. भामाबाईची ही लेक बौद्धवस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. आता मास्तरणीचं शिक्षण घेत होती आणि सुट्टीत आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दुपारी भाकरी खाऊन झाली की टोपलं उपडं घालायची आणि त्यावर वही ठेवून लिहायची. काय लिहितेस, असं भामाबाईनं कधी विचारलं नाही. पोरीची मान वहीवर वाकली की ती बाकीच्या बायांना हळू बोलायला लावायची, एवढंच.

मनकर्णाच्या आधी पाचजणांनी वाचलं. एका वकिलाच्या मुलानं जेवणाऐवजी गोळी खाणारा माणूस रंगवला. एका गुरुजींच्या गोष्टीत घरोघरी यंत्रमानव होता. तो झाडायचा, पाणी भरायचा, मालकाचे पाय चेपायचा आणि उलटून बोलायचा नाही. लोक खूष झाले. भामाबाईला मात्र एक कळेना, सगळं काम त्या यंत्रानंच केलं, तर त्या घरातली माणसं दिवसभर करत तरी काय होती.

मग मनकर्णा उभी राहिली. कागद समोर धरून तिनं वाचायला सुरुवात केली.

तिच्या गोष्टीतही दुष्काळ होता. तलावाच्या कामावर सरकारनं चाळीस यंत्रमानव धाडले होते. ते दिवसभर दगड फोडत. उन्हानं तापले की त्यांच्या अंगात पाणी ओतावं लागे, नाहीतर ते बंद पडत. गावानं त्यांच्यासाठी वेशीबाहेर पत्र्याची शेड घातली. त्यांना शिवलं तर वंगण लागतं, म्हणून लोक चार पावलं लांबून बोलत. विहिरीवर त्यांना मनाई होती. त्यांचा गंज पाण्यात उतरेल, असं गावाचं म्हणणं. त्यातला एकजण रोज दुपारी विहिरीपासून अंतर राखून, हातात डबा घेऊन उभा राहायचा. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. नाही आली तर तो तसाच उभा.

वंगणाच्या वाक्याला पुढच्या रांगेत हशा झाला होता. गंजाच्या वाक्याला कुणी हसलं नाही.

भामाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. तो यंत्रमानव तिच्या ओळखीचा होता. तिची आई आक्काबाई अशीच घागर घेऊन उभी राहायची. भाकरी थापता थापता भामाबाईनंच कधीतरी मनकर्णाला ते सांगितलं होतं. आज तेच या भरल्या सभागृहात, लाकडी व्यासपीठावरून, शुद्ध भाषेत ऐकू येत होतं आणि शाल पांघरलेली माणसं मान खाली घालून ऐकत होती.

गोष्ट संपली तेव्हा संध्याकाळ झालेली होती, बाया घागरी घेऊन घरी गेल्या होत्या आणि डबा घेऊन तो अजून उभाच होता.

परीक्षक होते आप्पासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर शास्त्र शिकवलेला सरळ माणूस. त्यांनी भाषेचं मनापासून कौतुक केलं, मग चष्मा हातात घेतला.

“मुली, यंत्राला तहान नसते आणि अपमानही नसतो. तुझा हा यंत्रमानव माणूस आहे की यंत्र, ते शेवटी ठरायला हवं. ते ठरलं तर पहिला नंबर तुझाच.”

त्यांनी वाटही सुचवली. एखादा शास्त्रज्ञ येतो, यंत्रमानवाची छाती उघडून आतली चाकं दाखवतो, गावाचा गैरसमज दूर होतो. दोन ओळींचं काम. इथं बसूनच लिही म्हणाले, आम्ही थांबतो.

मनकर्णा हातातल्या कागदांकडे पाहत राहिली. भामाबाईला वाटलं, आता लिहील. पहिला नंबर आला तर पुढं जिल्ह्याच्या फेरीसाठी नगरला जायला मिळणार होतं.

“सर,” मनकर्णा म्हणाली, “तो कोण आहे, ते मी गोष्टीत विचारलेलंच नाही. विहिरीवरचे कोण आहेत, एवढंच विचारलंय.”

आप्पासाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिला नंबर गोळी खाणाऱ्या माणसाला मिळाला, दुसरा मनकर्णाला. समारंभ संपल्यावर आप्पासाहेब स्वतः दारापर्यंत आले आणि गोष्टीची एक नक्कल मागितली. आपल्या जुन्या शाळेत वाचून दाखवायची होती त्यांना. शेवट आहे तसाच ठेवून, असं त्यांनीच न विचारता सांगितलं. मग ते भामाबाईकडे वळले.

“तुमची मुलगी?”

“व्हय,” भामाबाई म्हणाली. “माझीच.”

खर्ड्याच्या एस.टी.त दोघींना जागा मिळाली. भामाबाईनं तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग तिनं विचारलं, त्या डबेवाल्याचं पुढं काय झालं.

“मला न्हाई ठाऊक, आये. आजी हुबी राहायची, एवढंच तू सांगितलं हुतंस.”

ते खरं होतं. भामाबाईनं सगळ्या जन्मात तेवढीच अर्धी गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी सांगायची नाही, असं घरच्या पुरुषांनी तिला लहानपणीच बजावलं होतं. त्या अर्ध्या गोष्टीपायी सगळ्या घराला एका रात्रीत गाव सोडावं लागलं होतं.

“एक दिस ती थांबली न्हाई,” भामाबाई म्हणाली. “धाकटा भाऊ तापानं फणफणला हुता. दुपार कलली तरी कुनी पानी वाढंना. मग आईनं लुगडं खोचलं आन् पायऱ्या उतरली. मला म्हनली, ये मागनं.”

“तू पन उतरलीस?”

“उतरले की. आठ वर्सांची हुते. वंजळीनं प्याले. लई गार हुतं.”

पुढच्या बाकावरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. तिच्याशेजारच्या म्हाताऱ्यानंही पाहिलं. भामाबाईला ते दिसलं. ती जरा सरसावून बसली आणि त्यांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

“तर माझ्या आईचं नाव आक्काबाई.”